शरदातला वॉलआय: नांगर टाकून जिग, की चालत्या बोटीमागे क्रँकबेट?

सप्टेंबरच्या अखेरीस मिनेसोटाच्या उत्तर टोकाकडल्या बॉडेट गावी, वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा धरायला जायचे ठरवणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. तिथल्या लेक ऑफ द वुड्स या सरोवरावर नांगर टाकून, गोठवलेला शायनर (आमिषाचा छोटा मासा) लावलेल्या जिगने, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळाने, एका जागी बसून मासे धरावेत, की क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष, ओढत दिवसभर बोट फिरवावी? मी मिनिआपोलिसहून गेली नऊ वर्षे या सहलीला जातो आहे. पहिली चार वर्षे ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढणे, केले आणि नंतर बहुतांशी जिगच वापरली, त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे हे फार वेळ लपणार नाही; तरीही दोन्ही बाजू जमेल तितक्या सरळपणे मांडतो. रॉड किती लांबीचा आणि रील कोणत्या आकाराचे, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

ट्रोलिंगची बाजू आधी घेतो, कारण ती मुळीच लंगडी नाही. बिग ट्रॅव्हर्स हा या सरोवराचा दक्षिणेकडचा भाग म्हणजे बेटांशिवायचे मोकळे, उथळ पाणी आहे, आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वॉलआय तेथील चिखलाच्या तळावर दूरदूर विखुरलेला असतो. अशा वेळी एका जागी नांगर टाकून बसणे म्हणजे मासा आपल्याकडे चालत येईल या आशेवर दिवस काढणे होय. ताशी दोन मैलांच्या आसपास वेग ठेवून क्रँकबेट ओढले, तर एका सकाळी पुष्कळ पाणी तपासून होते, आणि ज्यांना जिगचा हात बसलेला नाही अशा पाहुण्यांनाही मासा मिळतो. लहान मुले बरोबर असतील तर याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

मात्र मिनेसोटाच्या हद्दीत खुल्या पाण्यात माणशी एकच दोरी टाकता येते. शेजारच्या राज्यांतल्या ट्रोलिंगच्या वर्णनांत बोटीच्या दोन्ही बाजूंना सहा-आठ दोऱ्या पसरलेल्या असतात; ते चित्र डोळ्यांपुढे ठेवून येथे येणाऱ्या दोघांच्या बोटीमागे दोनच क्रँकबेट धावतात. ट्रोलिंगचा निम्मा फायदा येथेच गळून पडतो, असे मला वाटते.

तरीही मी ट्रोलिंग सोडले ते या नियमामुळे नव्हे. सोडले ते स्पायनी वॉटरफ्लीमुळे, म्हणजे काटेरी पाणपिसूमुळे. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून युरोपाकडून ग्रेट लेक्समध्ये शिरलेला हा जेमतेम अर्ध्या इंचाचा जीव आता या सरोवरातही आहे. त्याच्या शरीराहून लांब अशा शेपटीवर बारीक काटे असतात, आणि पाण्यातून सतत सरकणाऱ्या दोरीला ते अडकत जातात. एक-दोन अडकले तर दिसतही नाहीत. पण शंभर फूट दोरी अर्धा तास ओढली की तिच्यावर ओल्या कापसासारखे, डोळ्यांचे काळे ठिपके असलेले बुळबुळीत गोळे जमतात, आणि मासा लागल्यावर आपण रील फिरवू लागलो की त्यातला पहिला गोळा रॉडच्या टोकाच्या कडीत रुतून बसतो. दोरी पुढेही येत नाही आणि मागेही जात नाही. मग रॉड बोटीत आडवा घ्यायचा, हातमोजा दातांनी ओढून काढायचा आणि गारठलेल्या नखांनी ते गोळे खरवडायचे. तोवर मासा ढिल्या दोरीवर डोके झटकत असतो. एका ऑक्टोबरमध्ये, पाइन आयलंडपासून मैलभर आत, मी एकाच दुपारी तीन चांगले मासे असे गमावले. त्यांतला शेवटचा जाळ्यापासून हातभर अंतरावर होता. जाड मोनोफिलामेंट, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी, वापरल्यास हा त्रास कमी होतो असे जाणकार सांगतात, आणि माझ्या अनुभवातही थोडा फरक पडला. पण संपला मात्र नाही. सगळ्याच वर्षी पाणपिसू इतकी नसते, हेही नोंदवले पाहिजे.

जिगची दोरी उभी असते, छोटी असते आणि बहुतेक वेळ एका जागीच असते. गेल्या पाच वर्षांत तिच्यावर पाणपिसू जमून मासा सुटल्याचे मला आठवत नाही.

शिवाय शरदात मासा कोठे येणार हे बऱ्याच अंशी ठरलेले असते. एमराल्ड शायनर या चंदेरी माशांचे थवे पाणी थंड होऊ लागले की रेनी नदीच्या मुखाकडे सरकतात, फोर माइल बेतून नदीत शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग वॉलआय लाइटहाउस गॅप या नदीमुखाजवळच्या वाटेच्या बाहेर गोळा होतो. मासा आपणहून दारात येत असताना त्याला शोधत हिंडण्याचे कारण मला दिसत नाही. गोठवलेल्या शायनरच्या तोंडातून गळ घालून कल्ल्याबाहेर काढायचा, अर्धे वळण देऊन पुन्हा पाठीतून आरपार टोचायचा, म्हणजे शायनर जिगच्या दांडीवर सरळ बसतो. मग ती सोनेरी जिग तळाला टेकवून वीतभर उचलायची, सोडायची आणि थांबायचे. पुष्कळदा झटका लागतच नाही. पुढच्या वेळी उचलताना ओले फडके अडकल्यासारखे नुसते वजन जाणवते. कोकणात हातदोरीने गरवणाऱ्यांना हे वजन ओळखायला शिकवावे लागणार नाही.

जिगच्या बाजूला दोष नाहीत असे नाही. वायव्येचा वारा सुटला की या उथळ पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. नांगरावरची बोट त्यांच्याबरोबर वरखाली होते आणि हात कितीही स्थिर ठेवला तरी तळाजवळची जिग नाचू लागते. तीन फुटांच्या लाटा असतील तर मी मुकाट्याने धक्क्यावर परततो. पंचवीस फूट पाण्यात नांगर धरायचा तर दोरी त्याच्या कितीतरी पट सोडावी लागते, आणि ती ओली, गार दोरी दिवसातून पाच वेळा ओढल्यावर खांदे बोलू लागतात. जागा चुकली असेल तर तासभर फक्त सॉगर, म्हणजे वॉलआयचे छोटे भाईबंद, येत राहतात.

एक गोष्ट मात्र जिगच्या पारड्यात आणखी पडते. सध्याच्या नियमांनुसार येथे १९.५ ते २८ इंचांमधला प्रत्येक वॉलआय परत सोडावा लागतो, आणि शरदात नेमके हेच मासे फार लागतात. जिगला एकच गळ असतो. पकडीने फिरवला की सुटतो. क्रँकबेटला बहुधा दोन तिहेरी गळ असतात, त्यांतला एक माशात आणि दुसरा जाळ्यात रुतलेला असतो, आणि ते सोडवताना मासा गरजेपेक्षा जास्त वेळ पाण्याबाहेर राहतो.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, शांत हवा आणि बोटीत मुले, असा योग असेल तर आपण क्रँकबेटच न्यावेत, असे मी म्हणेन. पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या खाली गेल्यावर जाणार असाल, तर शायनरची दोन पाकिटे आणि लांब दोरीचा नांगर पुरेल असा माझा अंदाज आहे. माझे दोन्ही ट्रोलिंगचे रॉड मी अजून विकलेले नाहीत, पण गेले तीन हंगाम ते गॅरेजच्या छताला टांगलेले आहेत.