सुरक्षा मोजायची कशी: घर धरून की माणूस धरून?

१९९४च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाने सुरक्षेचा विचार सरहद्दीवरून माणसाच्या पोटापाण्याकडे, आरोग्याकडे वळवला. पण यवतमाळ-अमरावतीच्या गावांत हे मोजायच्या दोन रीती दिसतात.

पहिली घर धरून. कर्ज किती, सातबारा कुणाच्या नावे, कर्त्या शेतकऱ्याने आत्महत्या केली आणि प्रकरण पात्र ठरलं, तर १ लाखाची सरकारी मदत. सोपी आहे, कागदावर बसते. पण घरात कोण उपाशी झोपतं, ते तिला दिसत नाही.

दुसरी माणूस धरून, बाईलाही वेगळं मोजून. मग प्रश्नच बदलतात. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. पंप पाठीवर घेणारा बहुधा पुरुष, पण औषधाने भिजलेले त्याचे कपडे हाताने धुते ती बाई. तिची नोंद कुठे? नवऱ्यामागे सावकार तिच्याच दारी येतो, आणि सातबारावर तिचं नाव चढवायला दीर-सासऱ्यांशी झगडावं लागतं. रात्री मारहाण झाली, तर ठाणं तालुक्याला आणि एसटी सकाळी.

ही रीत वेळखाऊ आहे, घराघरांत वेगळं बसून बोलावं लागतं. तरी मी हीच निवडेन. ग्रामसभेआधी महिलासभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. सुरुवात तिथून करता येईल.