पिपाणी गाडीत गप्प बसायला लागली: हार्नेस, क्रेट आणि सीट कव्हर ७ महिने वापरल्यावर

आमच्या कुत्रीचं खरं नाव वेगळं आहे. पण गाडी सुरू झाली की ती जो सूर लावायची, त्यावरून घरात तिला पिपाणी म्हणू लागले आणि तेच नाव राहिलं. ती ५ महिन्यांची असताना मी तीन वस्तू घेतल्या. सीट बेल्टला अडकवायचा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), घडीचा कापडी क्रेट (कुत्र्याला आत बसवायचा पिंजरा) आणि मागच्या सीटवर झोळीसारखं बांधायचं कव्हर. आता ती वर्षाची आहे.

आधी हार्नेसचं. हा घातला की कुत्रं शांत होईल, अशी माझी भाबडी समजूत होती. तसं काही होत नाही. हार्नेस कुत्र्याला जागेवर धरतो, तोंड बंद करत नाही. उलट पहिले काही दिवस खिडकीपर्यंत पोचता येईना म्हणून ती जास्तच केकाटली. तरीही मी तो काढणार नाही. अचानक ब्रेक लागला तर झटका रुंद पट्ट्यामुळे छातीवर विभागला जातो. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधली असती तर तोच झटका मानेला बसला असता. हार्नेसपासून बेल्टपर्यंतची दोरी इतकीच ठेवा की बसता, आडवं होता आणि वळता येईल. आमची आधी लांब होती, तिने ती पायांत गुंडाळून घेतली. दोनदा तर पंजाने बेल्टचं लाल बटण दाबून मोकळी झाली, त्यामुळे आता बटणावर प्लास्टिकचं टोपण आहे. आणि पाकिटावर ‘चाचणी केलेला’ असं छापलेलं असलं तरी चाचणी कोणी केली आणि किती वजनाच्या कुत्र्यासाठी, हे बघून घ्या.

सीट कव्हर केसांसाठी, चिखलासाठी उत्तम. पण गुळगुळीत. वळणावर ती घसरायची, नखं रोवायची आणि मग रडगाणं सुरू. रबरी तळाचं जुनं पायपुसणं वर टाकलं आणि तो प्रश्न मिटला. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला दीड महिना लागला, याची लाज वाटते.

खरी चूक मात्र वेगळीच होती. तिचं भुंकणं म्हणजे वांडपणा असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा मी मागे तिच्या शेजारी बसलो तेव्हा कळलं की भुंकण्याआधी ती जांभया देते, ओठ चाटते आणि मग लाळेची धार लागते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या प्रयोगातली कुत्री खाण्याच्या चाहुलीने लाळ गाळायची. आमची गाडीच्या किल्लीच्या आवाजाने गाळायची, आणि भुकेने नव्हे! प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिला गाडी लागते. पिल्लांच्या आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा पूर्ण तयार झालेली नसते, त्यामुळे त्यांना हा त्रास जास्त होतो आणि वयाबरोबर बरेचदा कमी होतो. निघण्यापूर्वी ३ तास खाणं बंद, काच थोडी उघडी, आणि लांबच्या प्रवासापुरतं त्यांनी वजनानुसार लिहून दिलेलं औषध. माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका.

मग शिकवणी पहिल्यापासून. गाडी उभी, इंजिन बंद, दारं उघडी आणि तिचं रात्रीचं जेवण मागच्या सीटवर. ९ दिवस फक्त एवढंच. नंतर इंजिन सुरू करून बंद, मग फाटकापर्यंत जाऊन परत. एवढ्यात मला घाई झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात २ तासांचा प्रवास केला. झालं, पुन्हा श्रीगणेशा. (हा सराव करताना मी कायम सोबत असतो. बंद गाडी बघता बघता तापते, काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.)

घरच्यांचा उपाय होता ‘ए, गप्प!’ असं ओरडण्याचा. आपल्या सुरात सूर मिळवताहेत, असंच तिला वाटत असावं. मग दुर्लक्ष करायचं ठरलं. लक्ष मिळेनासं झालं की भुंकणं थांबण्याआधी वाढतं, हे वाचलेलं होतं, पण ऐकणं वेगळं. तिसऱ्या दिवशी २० मिनिटांनी आम्ही हार मानून तिला मांडीवर घेतलं. म्हणजे २० मिनिटं भुंकलं की मांडी मिळते, हे आम्हीच शिकवलं. शेवटी उलट केलं. श्वास घ्यायला ती क्षणभर थांबली की त्याच क्षणी खाऊ. आधी २ सेकंदांची शांतता, मग ५, मग १५. मळमळीने किंवा भीतीने विव्हळणाऱ्या कुत्र्याकडे मात्र दुर्लक्ष करून काही साधत नाही. तिथे गाडी थांबवून उतरवायचं.

क्रेटने सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. आधी २ आठवडे तो घरात उघडा ठेवला, ती आपणहून त्यात झोपू लागली, मगच गाडीत आणला. बाजूंनी चादर टाकली की धावणाऱ्या दुचाक्या दिसत नाहीत. दिसलं नाही की भुंकायला विषय उरत नाही. मागची बाजू हवेसाठी उघडी. पण कापडी क्रेट अपघातात वाचवेल या भ्रमात राहू नका, आणि त्याची चेन (झिप) तिने वापराच्या चौथ्या महिन्यात कुरतडली.

सध्या ४० मिनिटांच्या प्रवासात ती बहुतेक वेळ झोपते. मैदानाकडचं शेवटचं वळण आलं की उठून एकदाच ‘भू’ करते, तेवढं आम्ही चालवून घेतो. वायपर फिरू लागला की मात्र जुनी पिपाणी परत. त्यावर उभ्या गाडीत काम चालू आहे: काचेवर पाणी मारायचं, वायपर एकदाच फिरवायचा, खाऊ द्यायचा. काल तिने वायपरकडे बघून माझ्या हाताकडे बघितलं.