ईव्ह ऑनलाइनची सुरुवात: एकट्याने की कॉर्पोरेशनमध्ये?

ईव्ह ऑनलाइन या अंतराळयानांच्या ऑनलाइन खेळात नव्याने येणारा खेळाडू कोणते जहाज घ्यावे आणि कोणते स्किल आधी शिकावे याचाच बराच काळ विचार करत बसतो. त्याहून मोठा निर्णय एकट्याने खेळायचे की इतर खेळाडूंच्या कॉर्पोरेशनमध्ये (संघटित गटात) सामील व्हायचे, हा आहे. 2003 पासून चालू असलेल्या या खेळात फुटलेले जहाज परत मिळत नाही. त्यामुळे नुकसान झाल्यावर ते कशामुळे झाले हे सांगणारे कोणी जवळ आहे की नाही, यावर नवख्याची प्रगती बरीचशी अवलंबून असते.

एकट्याने खेळण्याचे फायदे खरे आहेत. सुरुवातीला प्रत्येक जण खेळानेच चालवलेल्या कॉर्पोरेशनमध्ये असतो आणि तिच्याविरुद्ध कोणालाही युद्ध पुकारता येत नाही. करिअर एजंटांच्या मोहिमांमधून खाणकाम, लढाई, शोधमोहीम अशी मुख्य कामे शिकता येतात, शिवाय काही जहाजेही मिळतात. स्किल प्रत्यक्ष वेळेनुसार, अगदी खेळ बंद असतानाही वाढत राहतात, म्हणून कमी वेळ देणारा त्या बाबतीत मागे पडत नाही.

अडचण येते ती हाय-सेक, म्हणजे जास्त सुरक्षेच्या भागाबद्दलच्या गैरसमजाने. 1.0 ते 0.5 सुरक्षेच्या या भागात कॉनकॉर्ड ही खेळातली पोलीस यंत्रणा हल्लेखोराला शिक्षा करते, पण हल्ला थांबवत नाही, आणि सुरक्षेचा आकडा जितका कमी तितकी ती उशिरा पोहोचते. मौल्यवान माल भरलेले संथ मालवाहू जहाज दिसले, की आपली स्वस्त जहाजे जाणार हे ठाऊक असूनही टोळ्या ते फोडतात, कारण मालाची किंमत त्याहून जास्त असते. एकटा खेळाडू हे बहुधा सर्वस्व गमावल्यावरच शिकतो.

कॉर्पोरेशनमध्ये मात्र नवखा पहिल्या आठवड्यातच उपयोगी पडू शकतो. स्वस्त फ्रिगेटवर (छोट्या जहाजावर) वॉर्प, म्हणजे दूरवर अतिवेगाने उडणे, रोखणारा वॉर्प डिसरप्टर लावून शत्रूच्या 20 किलोमीटरच्या आत राहिले, की बऱ्याचदा त्याचे कितीतरी मोठे जहाजसुद्धा वॉर्प करून निसटू शकत नाही आणि उरलेले काम फ्लीट (सोबतचा ताफा) करते. शत्रूला असे अडकवून ठेवण्याला टॅकल म्हणतात आणि त्यासाठी फार थोडी स्किल लागतात. अशा लढायांत गेलेल्या जहाजांची भरपाई अनेक कॉर्पोरेशन देतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे किलमेलवरची (जहाज फुटल्याच्या अहवालावरची) चर्चा: फुटलेल्या जहाजावरचे प्रत्येक मॉड्यूल त्यात दिसते, आणि एकाच जहाजावर आर्मर रिपेअररही आहे व शील्ड एक्स्टेंडरही, म्हणजे कवच व ढाल हे दोन्ही बचाव अर्धवट राहिले, हे अनुभवी माणूस पाहताक्षणी सांगतो. माझ्या मते कोणत्याही मार्गदर्शक लेखापेक्षा हे शिक्षण सरस आहे.

याची किंमतही मोजावी लागते. कमाईवर कर असतो, पात्राची माहिती तपासू द्यावी लागते, आणि कॉर्पोरेशनच्या मालकीची स्ट्रक्चर (अंतराळातली स्थानके वगैरे) असतील तर तिच्यावर युद्ध लादले जाऊ शकते. काही ठिकाणी नवख्यांना केवळ खाणकामाला जुंपले जाते. म्हणून अर्ज करण्याआधी फ्लीट कोणत्या वेळी निघतात हे विचारावे. खेळाचे घड्याळ यूटीसीनुसार चालते आणि सोयीच्या वेळी सहकारीच नसतील तर सदस्यत्वाला अर्थ उरत नाही. 2004 पासून नवख्यांना शिकवणारी ईव्ह युनिव्हर्सिटी हा विश्वासार्ह पर्याय आहे. पैसे भरून ओमेगा, म्हणजे सशुल्क खातेधारक, होण्याची घाई नको. 2016 पासून उपलब्ध असलेले मोफत अल्फा खाते टॅकलसाठी पुरेसे आहे.

करिअर एजंटांच्या मोहिमा एकट्याने संपवाव्यात आणि लगेच शिकवणारी कॉर्पोरेशन गाठावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. अपवाद एकच: ज्यांना खेळ कोणत्याही क्षणी सोडून उठावे लागते, त्यांनी फ्लीटला अडकवू नये, स्वस्त फ्रिगेटमधून एकट्याने केलेली शोधमोहीम त्यांना अधिक मानवेल. नल-सेकमधल्या, म्हणजे कॉनकॉर्ड नसलेल्या असुरक्षित भागातल्या, कॉर्पोरेशनमध्ये जाणाऱ्यांनी आपली मौल्यवान मालमत्ता हाय-सेकच्या स्थानकातच ठेवावी, कारण कॉर्पोरेशन सोडणे सोपे असले तरी तिकडे अडकलेली जहाजे बाहेर काढणे फार कठीण जाते.