सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ

सूर्य माथ्यावर आला की दुपारचे बारा वाजले, ही स्थानिक वेळेची रीत. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरत असल्याने रेखांशात एका अंशाचा फरक पडला की ही वेळ ४ मिनिटांनी बदलते, आणि म्हणूनच पूर्व-पश्चिम अंतरावरील दोन शहरांची घड्याळे पूर्वी जुळत नसत. घोड्यावरून जाणाऱ्याला त्याची अडचण फारशी भासली नाही. रेल्वेला मात्र अशा वेळांवर वेळापत्रक आखणे अवघड झाले. ब्रिटनमधील ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या स्थानकांवर लंडनची वेळ लागू केली, तर १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रिनिचचे रेखावृत्त मूळ मानले.

प्रमाणवेळेची सोय निर्विवाद आहे, परंतु तिची किंमत शरीर मोजते, कारण झोपेचे चक्र प्रामुख्याने प्रकाशावर चालते. अफाट विस्ताराच्या चीनमध्ये अधिकृत वेळ एकच असल्याने तेथील पश्चिम टोकाला घड्याळात बारा वाजतात, तेव्हा सूर्य माथ्यावर येण्यास दोन तासांहून अधिक अवकाश असतो. सूर्यघटिका अशी फसवत नाही (ढग आले की ती मुकी होते, हा भाग वेगळा). व्यवहाराला प्रमाणवेळच हवी. शाळा किती वाजता भरवावी हे ठरवताना मात्र सूर्याला विचारणे मला अधिक रास्त वाटते.