बुरशीची रक्तचाचणी: आधी प्लेट की आधी पट्टी?

ॲस्परजिलस या बुरशीच्या गॅलॅक्टोमॅननवर (तिच्या भिंतीतली, रक्तात उतरणारी साखर) चांगली मोनोक्लोनल अँटिबॉडी (नेमकी तिलाच धरणारं प्रथिन) हाती आली की चाचणी-किट करणाऱ्या आमच्यासारख्यांपुढचा प्रश्न ठरलेला: एलायझा प्लेट (छोट्या खळग्यांची, म्हणजे वेलची, रंग मोजायची ताटली) करायची की पट्टी (जिच्यावरून नमुना वाहत जातो आणि रेघ उमटते)? पैसे घालणाऱ्याला पट्टी आवडते. रंग मोजायचं यंत्र, म्हणजे रीडर नको, रेघ डोळ्यांना दिसते, निकाल झटपट.

सीरममध्ये मात्र हा वेग निम्मा गळतो. रुग्णाच्या स्वतःच्या अँटिबॉडी गॅलॅक्टोमॅननला चिकटलेल्या असतात. त्या सोडवायला ३०० मायक्रोलिटर सीरममध्ये १०० मायक्रोलिटर ईडीटीए या रसायनाचं द्रावण, ३ मिनिटं उकळतं पाणी, मग १०,००० जीवर (गुरुत्वाच्या १०,००० पट जोराने) १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. पट्टी केली म्हणून हे चुकत नाही. क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या बुरशीचं निराळं: तिथे पट्टीसाठी सीरम उकळावं लागत नाही, खुशाल पट्टी करा. फक्त प्रतिजन (चाचणी शोधते तो बुरशीचा अंश) अती झालं की रेघ उलट फिकी पडते. शंका आली तर नमुना पातळ करून परत लावायचा. आणि म्युकर, म्हणजे ‘काळी बुरशी’? २०२१ पासून प्रत्येक डॉक्टर विचारतो. गॅलॅक्टोमॅननच्या चाचणीत तो दिसत नाही, प्लेट असो की पट्टी.

आमचं पारडं प्लेटकडे फिरवलं ते पावसाळ्याने. जुलैत नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या गाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांकडे जाते. पट्टी जोडायच्या, कापायच्या खोलीत ती ३०च्या खाली हवी. रेघेला लाल रंग देणारे सोन्याचे कण पट्टीच्या पॅडवर सुक्रोज-ट्रेहॅलोजमध्ये वाळवलेले असतात. साखरच ती, ओल खेचते. लाल पॅड जांभळट होतो, कणांच्या गुठळ्या मेम्ब्रेनच्या (रेघा उमटतात त्या पडद्याच्या) तोंडाशीच अडकतात. आधी जाते ती टेस्टची फिकी रेघ, म्हणजे कमी प्रतिजनाचा रुग्ण सरळ निगेटिव्ह. कंट्रोलची (पट्टी चालली हे दाखवणारी) रेघ मात्र ठसठशीत, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. रात्री वीज जाऊन डीह्युमिडिफायर बंद पडला की सकाळी उघडे रोल कचऱ्यात.

प्लेटही ओल धरते, पण तिथे काही वाहायचं नसतं. नीट वाळवून सिलिका जेलसकट पाऊच बंद केला की बहुधा निभावतं. तिची कटकट वेगळी. कडेचे वेल लवकर तापतात, आणि एका नमुन्यासाठीही कटऑफचे (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा ठरवणारे) दोन, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह असे चार वेल जादा जातात. म्हणून लॅब नमुने साठवतात, रिपोर्ट लांबतो. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कॅन्सर केंद्राला हे परवडावं, छोट्या नर्सिंग होमला जड जाईल. आठ-आठ वेलच्या सुट्या होणाऱ्या ओळींची प्लेट घेतली तर त्रास बराच कमी होतो.

तरीही पट्टीच करायची असेल, तर ड्राय रूमचा खर्च आधी मांडा आणि चाचणीची पहिली बॅच जुलैतच काढा. जानेवारीत सगळ्यांचीच चांगली येते.