‘लिनक्स चालते’ असे लिहिलेला टीव्ही बॉक्स घेण्याआधी हे वाचा

स्वस्तातला टीव्ही बॉक्स घेऊन त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणक प्रणाली टाकायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी माझा अनुभव वाचा. माझी फसवणूक दोन प्रकारे झाली. वस्तू एक सांगितली आणि दुसरीच पाठवली, हा झाला पहिला प्रकार. दुसरा मला जास्त लागला. विक्रेत्याने ज्या भरवशावर तो बॉक्स विकला, तो भरवसा मुळात त्याचा नव्हताच. फुकट काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या कामावर त्याने परस्पर हमी देऊन टाकली होती, आणि प्रश्न विचारल्यावर दोषही त्यांच्याच माथी मारला.

मला चोवीस तास चालू राहील असा छोटा सर्व्हर हवा होता. फायलींचा बॅकअप, जाहिराती अडवणारा डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते शोधून देणारी सेवा), एवढेच काम. त्यासाठी मोठा संगणक चालू ठेवणे परवडत नाही. एआरएम जातीच्या, म्हणजे मोबाइलमध्ये असते तशा चिपचा टीव्ही बॉक्स काही वॅट विजेवर हे काम करतो, पंखा लागत नाही, आणि खोके, अडॅप्टर, इथरनेट सगळे सोबत येते. सुट्या बोर्डाला यातले बरेच काही वेगळे घ्यावे लागते. म्हणून लोक टीव्ही बॉक्सकडे वळतात.

जाहिरातीत लिहिले होते: आरके३३१८ चिप (रॉकचिप कंपनीची), ६४ बिट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (आतली साठवण), आणि थोडे जास्त पैसे दिले तर लिनक्स भरलेले मेमरी कार्ड. घेण्याआधी मी विचारले, कर्नल (लिनक्सचा मूळ भाग) कोणता आहे, पुढे अपडेट मिळणार का? उत्तरादाखल आर्मबियन (छोट्या एआरएम बोर्डांसाठी बनवलेले लिनक्स) चालू असलेल्या पडद्याचा फोटो आला. सोबत वाक्य होते, ‘पूर्ण सपोर्ट आहे, अपडेट येत राहतील.’ हे लेखी मिळाले म्हणून मी पैसे भरले.

कार्ड घालून बॉक्स सुरू केला तेव्हा लिनक्स खरेच चालू झाले. पण आज्ञा देऊन पाहिले तर ‘यूनेम’ने प्रणाली ३२ बिट असल्याचे सांगितले, ‘फ्री’ने रॅम १ जीबीपेक्षा थोडी कमी दाखवली आणि ‘एलएसबीएलके’मध्ये आतली साठवण ८ जीबीच्या आसपास दिसली. मी विक्रेत्याला हे आकडे पाठवले. त्याचे उत्तर असे: हार्डवेअर बरोबर आहे, लिनक्स आवृत्ती कम्युनिटीने बनवलेली आहे, ती अपुरी असल्यामुळे सगळी मेमरी ओळखत नाही. अँड्रॉइडमध्ये पाहा, तिथे बरोबर दिसेल.

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये पाहिले तर खरोखरच ४ जीबी आणि ६४ जीबी!

हे उत्तर नीट समजून घ्या, कारण अनेकांना ते पटते. त्यात अर्धे सत्य आहे. ६४ बिट चिपवर ३२ बिट कर्नल चालवता येतो, त्यामुळे नुसत्या ‘यूनेम’वरून चिप खोटी ठरत नाही. स्वयंसेवकांनी बनवलेल्या प्रतिमेत (कार्डावर जशीच्या तशी उतरवायची तयार प्रणाली) एखादा भाग न चालणे, वायफाय न दिसणे, हेही नेहमीचे आहे. म्हणून नवा माणूस मान डोलावतो आणि स्वतःशी म्हणतो, फुकटच्या लिनक्सकडून आणखी काय अपेक्षा करायची? विक्रेत्याला नेमके हेच हवे असते.

प्रत्यक्षात अँड्रॉइडचा तो पडदा बनावट होता. सेटिंगमध्ये दिसणारा आकडा शेवटी एक प्रोग्रॅमच छापतो, आणि फर्मवेअर (यंत्रात आधीच भरलेले सॉफ्टवेअर) बनवणारा त्यात हवा तो आकडा लिहू शकतो. चिपचे नाव, अँड्रॉइडची आवृत्ती, रॅम, साठवण, यांतले काहीही बदलता येते. हार्डवेअरची माहिती दाखवणारी बरीच ॲप्स प्रणालीलाच विचारून सांगतात, म्हणून तीही खोटे बोलतात. प्रोसेसरच्या वेगाचेही तेच. २०१६ मध्ये ओड्रॉइड-सी२ हा बोर्ड २ गिगाहर्ट्झचा म्हणून बाजारात आला होता. चाचण्यांत तो सुमारे १.५ गिगाहर्ट्झवरच चालत असल्याचे दिसले. चिप बनवणाऱ्याकडून आलेले बंदिस्त फर्मवेअर कर्नलला वेगळा आकडा सांगत होते, आणि बोर्ड विकणाऱ्यांना ते जाहीरपणे मान्य करावे लागले. तेव्हा पडद्यावरच्या आकड्याला पुरावा मानू नका.

मग खरे कळते कुठून? मी तीन ठिकाणी पाहिले.

पहिले ठिकाण म्हणजे ‘प्रोक’ फोल्डरातली ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल. तिच्यात ‘सीपीयू पार्ट’ अशी ओळ असते. तो क्रमांक प्रोसेसरच्या गाभ्याच्या (कोअरच्या) आतल्या ओळख-रजिस्टरमधून वाचलेला असतो. ‘डी०३’ म्हणजे कॉर्टेक्स-ए५३ हा एआरएम गाभा, ‘डी०४’ म्हणजे ए३५, ‘डी०५’ म्हणजे ए५५, आणि ‘सी०७’ म्हणजे कॉर्टेक्स-ए७. आरके३३१८ मध्ये ए५३ असायला हवा. माझ्या बॉक्सने ‘सी०७’ सांगितले. कॉर्टेक्स-ए७ हा निव्वळ ३२ बिटचा गाभा आहे. त्यावर ६४ बिट कर्नल कोणत्याही युक्तीने चालणार नाही. कम्युनिटीच्या अपुऱ्या कामाची सबब तिथेच संपली.

दुसरे ठिकाण चिप स्वतः. खोके उघडून उष्णता शोषणारी पट्टी हलक्या हाताने सोडवली. खाली आरके३२२९ छापलेले होते. हे मला दिसले तसे प्रत्येकाला दिसेलच असे नाही. काही ठिकाणी छापलेले नाव घासून टाकतात किंवा वर दुसरे छापतात.

तिसरा पुरावा सर्वांत भक्कम, तो सिरीयल लॉगचा, म्हणजे सुरू होताना यंत्र वायरीवरून पाठवते त्या मजकुराचा. बोर्डावर तीन-चार छोटे बिंदू असतात, त्यांना ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर जोडायचा. रॉकचिपच्या चिपना बहुधा १५,००,००० बॉड (मजकूर पाठवण्याचा वेग) लागतो. ऑलविनर आणि ॲमलॉजिक या कंपन्यांच्या चिपना ११५,२००. वेग चुकला की पडद्यावर नुसता कचरा येतो आणि माणूस वायरींवर संशय घेत बसतो. बॉक्सला वीज दिल्याबरोबर, कर्नल सुरू होण्याच्याही आधी, रॅम जागी करणारा छोटा प्रोग्रॅम चालतो. तो प्रत्यक्ष मेमरी चिपशी बोलून बसची रुंदी, रांगा, स्तंभ आणि शेवटी एकूण आकार छापतो. माझ्या बॉक्सने छापले १०२४ एमबी. अँड्रॉइडचा ४ जीबीचा दावा त्याच यंत्राने सुरू होता होता खोडून काढला.

आता त्या कार्डाबद्दल, ज्याचे मी वेगळे पैसे मोजले. त्यात होती स्वयंसेवकांनी आरके३२२ एक्स गटातल्या (आरके३२२८, आरके३२२९ वगैरे) चिपसाठी बनवून फुकट दिलेली जुनी प्रतिमा. सुरुवातीचे चिन्ह बदललेले, स्वागताच्या मजकुरातून मूळ प्रकल्पाचे नाव काढलेले, अपडेट जिथून येतात ते मूळ पत्ते बंद केलेले. म्हणजे चिप कोणती आहे हे विक्रेत्याला पक्के ठाऊक होते. नाहीतर बरोबर त्याच चिपची प्रतिमा त्याने उचलली नसती. कर्नल ४.४ मालिकेचा होता, ज्याची मूळ देखभाल फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) उघडे आणि पासवर्ड सूचनापत्रकावर छापलेला. लिनक्स कर्नल जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. तो कोणालाही देताना त्याचा स्रोतही (सोर्स कोड) द्यावा लागतो किंवा मागितल्यावर देण्याची लेखी तयारी दाखवावी लागते. मी स्रोत मागितला. उत्तर आले नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात, तसा हा धंदा आहे.

आणि ते पीठ दळताना काय कष्ट पडतात, हे माहीत असेल तर राग आणखी वाढतो. साध्या पीसीवर हार्डवेअर आपली ओळख बऱ्याच अंशी स्वतः सांगते, म्हणून एकच लिनक्स कुठल्याही यंत्रावर उठते. एआरएम बोर्डांवर तशी सोय सहसा नसते. कोणती पिन कशाला जोडली आहे, वायफायला वीज कुठून येते, हे सगळे डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमध्ये कोणीतरी हाताने लिहावे लागते. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापला एआरएम कोड कर्नलमध्ये ओतत होती. २०११ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने त्यावर उघड संताप व्यक्त केला, आणि त्यानंतर एआरएमकडे डिव्हाइस ट्रीची पद्धत रुजली. ऑलविनरच्या चिपसाठी लिनक्स-सुन्क्सी या स्वयंसेवक गटाच्या लोकांनी वर्षानुवर्षे माहिती गोळा केली. एआरएमच्या माली ग्राफिक्स भागाचे कामकाज बाहेरून उलगडून लीमा आणि पॅनफ्रॉस्ट हे ड्रायव्हर लिहिले गेले. दोन्ही २०१९ मध्ये ५.२ कर्नलबरोबर मुख्य धारेत, म्हणजे अधिकृत कर्नलमध्ये, आले. लीमावरचे काम तर २०१२ पासून जगासमोर होते. एवढी वर्षे कोणीतरी चिकाटीने हे धरून ठेवले, म्हणून आपल्याला ते आज फुकट मिळते.

टीव्ही बॉक्सच्या बाबतीत मात्र घोडे वेगळ्याच ठिकाणी पेंड खाते. बाहेरचे खोके आणि नाव तेच ठेवून कारखाना आतले भाग बदलत राहतो. एका खेपेत ईएमएमसी, दुसऱ्या खेपेत साधी नँड (स्वतःचा कंट्रोलर नसलेली साठवण), जी आरके३२२ एक्सवर मुख्य धारेच्या कर्नलला वापरता येत नाही आणि जुन्या ४.४ लाच चिकटून राहावे लागते. वायफायची चिप तर जी स्वस्त मिळेल ती. एसएसव्ही६०५१ सारखी असली तर तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही, तो स्वयंसेवक बाहेरून सांभाळतात. म्हणूनच आर्मबियन प्रकल्प टीव्ही बॉक्सना अधिकृत पाठिंबा देत नाही आणि तसे स्पष्ट सांगतो. जे चालते ते काही व्यक्तींनी आपल्या वेळेत केलेले काम असते. त्यावर ‘पूर्ण सपोर्ट’ असा शिक्का मारण्याचा अधिकार कोणत्याही विक्रेत्याला नाही.

या फसवणुकीचा भार शेवटी कोणावर पडतो, हेही मी पाहिले. माझा लॉग मी एका स्वयंसेवकाला दाखवला. त्याने पहिल्या काही ओळींवरूनच खरी चिप ओळखली. तो म्हणाला, लोक खोट्या नावाने घेतलेला बॉक्स आणतात, ६४ बिट प्रतिमा का उठत नाही असे विचारतात, आणि चूक आमच्या कामात आहे असे धरून चालतात. माणसाची कितीतरी रात्रींची मेहनत अशी विक्रेत्याचे खोटे निस्तरण्यात जाते. हे ऐकून मला फार वाईट वाटले.

परताव्याची कथा थोडक्यात सांगतो. विक्रेत्याने आधी व्हिडिओ मागितला, मग दुसऱ्या कोनातून व्हिडिओ, मग किरकोळ रक्कम परत देऊ केली आणि तक्रार मागे घ्यायला सांगितले. प्रत्येक उत्तराला तो मुद्दाम वेळ लावत होता, कारण तक्रारीची मुदत चालू होती. विक्रीच्या मंचाने अँड्रॉइडच्या सेटिंगचे चित्र पुरावा म्हणून ग्राह्य धरले आणि माझा लॉग ‘ग्राहकाने बदललेल्या सॉफ्टवेअरमधला’ ठरवून बाजूला ठेवला. पैसे परत मिळाले नाहीत. तुमच्यावर ही वेळ आली तर किरकोळ परतावा स्वीकारू नका, त्याने तक्रार बंद होते. चिपचा फोटो पहिल्याच दिवशी तक्रारीत जोडा. लॉग न समजणाऱ्यालाही फोटोतले नाव वाचता येते.

खोट्या आकड्यांपेक्षा गंभीर गोष्ट सुरक्षेची आहे. जानेवारी २०२३ मध्ये एका अभ्यासकाने टी९५ नावाच्या स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातूनच आलेले मालवेअर जगासमोर आणले. त्याच वर्षी पुढे बॅडबॉक्स असे नाव दिलेल्या जाळ्यातले संसर्गित बॉक्स मोठ्या प्रमाणावर विकले जात असल्याचे उघड झाले, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने या जाळ्याच्या नव्या रूपाबद्दल जाहीर इशारा दिला. म्हणून असा बॉक्स आल्या आल्या आपल्या मुख्य नेटवर्कला जोडू नका आणि त्याच्या अँड्रॉइडमध्ये कोणतेही खाते उघडू नका. विक्रेत्याच्या लिनक्स कार्डालाही हाच नियम लावा. २०१६ मध्ये ऑलविनरच्या ३.४ कर्नलमध्ये असा एक दरवाजा सापडला होता की एका फाइलमध्ये ठरावीक शब्द लिहिला की कोणत्याही प्रोग्रॅमला रूटचे, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च अधिकार मिळत. तो विकासकांनी तपासणीसाठी ठेवला आणि काढायचा राहिला, असे मानले तरी कर्नल कोणी बांधला हे माहीत असणे किती गरजेचे आहे ते यातून दिसते.

घ्यायचेच असेल तर चिपच्या नावावर जाऊ नका. नेमक्या त्या बोर्डाची डिव्हाइस ट्री मुख्य कर्नलमध्ये किंवा आर्मबियनच्या अधिकृत यादीत आहे का ते पाहा. टीव्ही बॉक्सला तसे नाव क्वचितच असते, आणि मिळाले तरी तुमच्या हातात येणारी खेप तीच असेल याची खात्री नसते. ज्याला खात्रीच हवी त्याने सरळ त्या यादीतला बोर्ड घ्यावा, रॅम कमी मिळाली तरी चालेल. ‘लिनक्स आवृत्ती’चे वेगळे पैसे कोणालाही देऊ नका. तेवढीच रक्कम प्रकल्पाला थेट देणगी म्हणून द्या.

आणि असा बॉक्स आधीच हातात असेल तर तो फेकू नका. रॉकचिपचा असल्यास मास्करॉम अवस्थेत (चिपमधला कायमचा सुरुवातीचा कोड चालतो तेव्हा) यूएसबीने संगणकाला जोडा आणि ‘एलएसयूएसबी’ (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी) पाहा: २२०७:३२०बी आले तर आरके३२२ एक्स गट, २२०७:३२०सी आले तर आरके३३२८ किंवा ३३१८. खरी चिप कळली की तिची प्रतिमा मूळ ठिकाणाहूनच उतरवा, आणि ईएमएमसीवर काहीही लिहिण्याआधी तिची पूर्ण प्रत काढून ठेवा. साठवण खरी आहे का हे ‘एफ३’ या प्रोग्रॅमने भरून आणि परत वाचून तपासा. माझा बॉक्स आता १ जीबी रॅमवर डीएनएस सांभाळतो; बॅकअपसाठी मात्र दुसरे यंत्र घ्यावे लागले. अडलात तर स्वयंसेवकांकडे जरूर जा, पण जाताना जाहिरातीतले नाव सांगू नका. वीज दिल्यापासूनचा सिरीयल लॉग, बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वायफाय चिपवर छापलेला क्रमांक, एवढे आधी द्या.