लहान मुलांच्या घरचा नाताळ: गोठा की झाड, रात्रीची मिस्सा की सकाळची, घरचा फराळ की विकतचा?

डिसेंबर लागला की लहान मुलं असलेल्या ख्रिस्ती घरांत तेच तीन-चार प्रश्न निघतात. गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडायचा की झाड आणायचं? मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मुलांना न्यायचं का? फराळ घरी करायचा की बेकरीतून आणायचा? वसईला गावी, आजी आणि काकवा हाताशी असलेल्या घरात हे सगळं आधीच ठरलेलं असतं. पण नोकरीपायी मीरा रोडला, पुण्याला किंवा आणखी लांब फ्लॅटमध्ये राहणारं, आईबाबा दोघंही कामावर जाणारं घर असेल तर सगळं जमत नाही, निवडावं लागतं.

माझं मत आधीच सांगते. ज्या कामाला मुलाचा हात लागू शकतो ते घरी करा. ज्यात दर दोन मिनिटांनी "लांब हो" म्हणावं लागतं ते विकत आणा, नाहीतर या वर्षापुरतं सोडून द्या. पुढची सगळी तुलना याच हिशेबाने केली आहे, आणि डोळ्यांसमोर एक ते आठ वर्षांची मुलं आहेत.

गोठा की झाड

हॉलमध्ये दोन्हींना जागा असेल तर प्रश्नच मिटला. एकालाच असेल तर मी गोठा निवडेन.

गोठा करायची पद्धत असिसीच्या संत फ्रान्सिसपासून रुजली असं मानतात. 1223 च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने जो देखावा मांडला त्यात मूर्ती नव्हत्याच. गवताने भरलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव, एवढ्यावरच गावकऱ्यांना बेथलेहेम दिसलं. तेव्हा मूर्तींचा महागडा संच नाही म्हणून गोठा अडायचं काहीच कारण नाही. झाड मूळचं जर्मन प्रदेशातलं. राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या झाडाचं चित्र 1848 साली लंडनच्या एका साप्ताहिकात आलं आणि झाड इंग्रजांच्या घराघरांत गेलं. दोन्ही गोष्टी आपल्याकडे बाहेरूनच आल्या. त्यामुळे अस्सल काय यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुलाला त्यात करायला किती मिळतं, एवढंच पाहावं.

इथे गोठा फार पुढे आहे, कारण तो एका संध्याकाळी उरकत नाही. झाड लावलं, सजवलं, दिवे पेटवले की मुलाचं काम संपतं. मग उरतं ते "हात लावू नकोस". गोठ्याचं काम नाताळच्या दहा-बारा दिवस आधी सुरू होतं आणि जानेवारीत संपतं. पहिलं काम पेरणीचं. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजत घाला. एका पसरट डब्याच्या झाकणात बोटभर माती घालून 13-14 तारखेला दाणे दाटीने पेरा आणि दोन दिवस वर्तमानपत्राने झाकून ठेवा. कोंब दिसले की खिडकीत ठेवा. गहू लवकर वाढतो आणि 24 तारखेपर्यंत चार-पाच बोटं उंच होतो; नाचणीचं गवत बारीक आणि मऊ येतं, पण तिला दोन-तीन दिवस जास्त द्यावे लागतात. पाणी घालायला मुलाच्या हातात तांब्या देऊ नका, फवाऱ्याची बाटली द्या. तांब्याने मातीचा चिखल होतो आणि दाण्यांना बुरशी धरते. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ते गवत किती वाढलं हे बघायला धावणारं मूल आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा वाट पाहण्याचा काळ, म्हणजे काय हे आपोआप शिकतं. मला त्याहून चांगली शिकवण माहीत नाही.

मग पेंढा, खोके, ब्राउन पेपर चुरगाळून केलेले डोंगर. मारिया, योसेफ, मेंढपाळ, गुरं मांडायची, पण गव्हाण रिकामी ठेवायची. बाळ येशू 24 च्या रात्री ठेवायचा, आणि तो मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा. बाळाच्या दर्शनाला आलेले तीन राजे तर लगेच गोठ्यात आणूच नयेत. ते घराच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फळीवर किंवा फ्रिजवर उभे करा आणि रोज थोडे पुढे सरकवा. तीन राजांचा सण 6 जानेवारीचा, आपल्याकडे तो बहुधा त्याच्या आसपासच्या रविवारी साजरा होतो. तोवर ते पोचले पाहिजेत. 25 तारखेला सण एकदम संपल्यासारखा वाटून मुलं हिरमुसतात, त्यावर हा चांगला उपाय आहे.

गोठ्याचे धोकेही आहेत. प्लास्टरच्या मूर्तींचे कोपरे तुटतात, रंगाचे पोपडे निघतात. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर टॉयलेट पेपरच्या नळीतून जाईल इतकी लहान मूर्ती त्याच्या हाताशी ठेवू नये, ती घशात अडकू शकते. आणि बाळ येशूची मूर्ती बहुतेक वेळा तेवढीच असते. अशा घरात कापडाच्या किंवा लाकडाच्या मोठ्या बाहुल्या बऱ्या. पेंढ्याजवळ मेणबत्ती किंवा पणती अजिबात नको. तापणाऱ्या जुन्या बल्बची माळही नको, एलईडीचीच वापरा. बटनाएवढ्या सपाट सेलवर चालणाऱ्या खोट्या मेणबत्त्या मिळतात, त्या मात्र मुलांच्या घरात आणूच नयेत. तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

झाडच हवं असेल तर तीन पर्याय आहेत. नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते बहुधा अरौकारिया. कुंडीसकट येतं, सण झाला की गॅलरीत जगतं, आणि मूल त्याच्याबरोबर वाढतं. लहान मुलांच्या घरासाठी मला हाच पर्याय आवडतो, पण त्याच्या फांद्या नाजूक असतात, जड गोळे पेलत नाहीत. सुरूच्या झाडाची फांदी ही आमच्याकडची जुनी रीत, पण ती दोन-चार दिवसांत सुकून सुयांचा सडा पडतो, आणि किनाऱ्यावरचे सुरू वाळू धरून ठेवायला लावलेले आहेत, ते तोडू नयेत. प्लास्टिकचं झाड घेतलंत तर तीन-चार फुटांचंच घ्या, टेबलावर ठेवून खिडकीच्या गजाला दोरीने बांधा, आणि खालच्या दोन ओळींत फक्त कापडी नाहीतर कागदी शोभा लावा.

खिडकीतली चांदणी दोन्हीकडे हवीच. तिच्यावर चर्चा नको.

मध्यरात्री, संध्याकाळी की सकाळी

मध्यरात्रीची मिस्सा हा नाताळचा आत्मा आहे असं मानणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे हे लिहिताना जड जातं. तरी पाच वर्षांखालची मुलं असतील तर मध्यरात्रीचा आग्रह सोडावा असंच मी सांगेन. डिसेंबरात वसईला, पुण्याला रात्री चांगलं गार पडतं. पटांगणात दीड-दोन तास बसायचं, मूल खांद्यावर झोपतं, कॅरल सुरू झाल्यावर दचकून उठून रडतं, आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर किरकिर करतं. त्या रात्रीतलं त्याला काहीच आठवत नाही.

धर्माच्या दृष्टीनेही अडचण नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळची मिस्सा सणाचीच धरली जाते. शिवाय ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आल्यापासून मुंबई-वसईकडे मोकळ्या जागेतली रात्रीची मिस्सा बऱ्याच ठिकाणी आधीच सुरू होते. आपल्या चर्चच्या फलकावर वेळ बघून घ्या. आठ-साडेआठची असेल तर मुलांसाठी ती सगळ्यात सोयीची.

सकाळच्या मिस्सेचे फायदे उघड आहेत: झोप झालेली, पोट भरलेलं, नवे कपडे मिरवायला उजेड. पण तिच्यात एक उणीव आहे आणि ती आईबाबांनी भरून काढावी लागते. रात्रीच्या मिस्सेत बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली गव्हाणीची गोष्ट वाचतात. पहाटेच्या मिस्सेत मेंढपाळ गव्हाणीपाशी पोचतात. दिवसाच्या मिस्सेला मात्र योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात नेमलेली आहे, "प्रारंभी शब्द होता" ही. ती फार थोर आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला त्यात ना बाळ सापडतं, ना गाढव. म्हणून सकाळी जाणार असाल तर 24 च्या रात्री घरीच, गोठ्यासमोर, लूकचा दुसरा अध्याय पहिल्या वीस ओव्यांपर्यंत वाचा, मुलाने बाळ गव्हाणीत ठेवायचं, एक गाणं म्हणायचं आणि झोपायचं. पंधरा मिनिटांत होतं.

सात-आठ वर्षांचं मूल मागे लागलं असेल तर त्याला दुपारी झोपवून रात्री जरूर न्या. धाकट्यासाठी आई किंवा बाबा एकाने घरी थांबायचं आणि सकाळी जायचं. थांबण्याची पाळी दरवर्षी एकाच माणसावर, म्हणजे आईवर, येऊ नये एवढं बघा.

फराळ: काय करायचं, काय आणायचं

कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, मार्झिपान, रोझ कुकीज, प्लम केक. सगळं घरी करणारी घरं अजून आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण लहान मुलांच्या घरात या सगळ्यांचा कस एकच: मुलाला यात काय करता येईल?

दोदोलमध्ये काहीच नाही. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ तासन् तास ढवळायचा, उकळतं मिश्रण उडतं, हात थांबवता येत नाही. विकत आणा. बेबिंकाही तशीच, एकेक थर भाजून मग पुढचा घालायचा, मुलाला नुसतं ताटकळत बसायचं. रोझ कुकीजचा साचा गरम तेलात बुडवायचा असतो, तोही नको.

मार्झिपान उलट. काजूची पूड आणि साखर शिजवून गोळा गार झाला की साच्यात दाबायचं काम मूल आनंदाने करतं.

आणि कुलकुल तर घरीच झाले पाहिजेत. अर्धा किलो मैदा, एक अंडं, चार चमचे साखर, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ, आणि मावेल तेवढं नारळाचं घट्ट दूध. पुरीच्या पिठासारखं घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. मग हरभऱ्याएवढी गोळी काट्याच्या पाठीवर ठेवायची, बोटाने चपटी करत खाली ओढायची आणि वळवून शिंपल्यासारखी गुंडाळायची. मुलांच्या हातची पहिली दहा-वीस जाड होतात आणि आतून कच्ची राहतात, म्हणून गोळ्या आपणच करून द्याव्यात, मुलांनी फक्त वळावं. शेवटची कड नीट दाबलेली नसेल तर तेलात उलगडतात. तळताना आच मध्यम, आणि तेव्हा मुलं स्वयंपाकघराबाहेर. चार वर्षांचं मूलही अर्धा तास यात रमतं. शेजारच्या मुलांना बोलावलंत तर आणखी चांगलं.

केकबद्दल स्पष्ट सांगते. रममध्ये महिनोन्महिने भिजवलेल्या सुक्या मेव्याचा केक मुलांसाठी नाही. तासभर भाजला तरी अल्कोहोलचा काही भाग उरतोच, आणि भाजल्यावर वरून शिंपडलेली रम तर सगळीच राहते. मोठ्यांसाठी तो आणा, मुलांसाठी मेवा नागपुरी संत्र्याच्या रसात एक रात्र फ्रिजमध्ये भिजवून छोटा केक घरी करा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे काजू-बदाम देऊ नका, ते घशात अडकतात. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध घातलेलं काहीही नको.

दुपारच्या जेवणात विंदालू किंवा सोरपोतेल, म्हणजे मांसाचे मसालेदार रस्से, आदल्या दिवशीच करून ठेवता येतं, मुरतंही छान. फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, मात्र गरमच हवेत. घरात कोणी तळायला मोकळं नसेल तर त्या जागी पाव आणा, जेवण काही कमी होत नाही.

सांता की आईबाबा

भेटवस्तू सांताच्या नावाने द्यावी की आपल्या, यावर घराघरांत मतं वेगळी आहेत. चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप संत निकोलस गरिबांना गुपचूप मदत करायचा, ही कथा मुलांना सांगितली की दोन्ही साधतं: गुपचूप देण्यातली मजा कळते, आणि पुढे वर्गात कोणी "सांता नसतोच" म्हटलं तरी मूल कोसळत नाही. त्याचा सण 6 डिसेंबरला असतो. एखादं घर त्या दिवशी छोटी भेट देतं आणि 25 तारीख बाळ येशूसाठी मोकळी ठेवतं, ही वाटणी मला फार पटते.

काय घ्यावं यापेक्षा काय घेऊ नये हे महत्त्वाचं. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पदपथावरच्या स्वस्त दिवेवाल्या खेळण्यांवर ते दिसलं नाही तर घेऊ नका. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. दोन भावंडांत एकाचं खेळणं दुसऱ्यासाठी धोक्याचं असेल, तर मोठ्याचं खेळणं उंच फळीवर ठेवायची सवय 25 तारखेलाच लावा.

आणि मुलांनी कोणाला काय द्यायचं हेही आधीच ठरवा. फराळाची ताटं शेजारी पोचवायचं काम त्यांचंच. दिवाळीत ज्यांच्याकडून चकल्या-करंज्या आल्या त्या प्रत्येक दारावर मुलाने स्वतः ताट न्यावं, वळलेले कुलकुल त्यात वर ठेवावेत. पाच ताटं असतील तर मुलाची एक फेरी पुरेशी आहे. दहा-बारा असतील तर 24 च्या संध्याकाळी अर्धी आणि 26 ला अर्धी करा, म्हणजे 25 तारीख घरासाठी राहते.